जुना सोनेरी आरसा आणि वरची चित्राची काच: घरी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

मावशीच्या गिरगावातल्या चाळीतलं घर रिडेव्हलपमेंटला गेलं तेव्हा तिच्या हॉलमधला सोनेरी आरसा माझ्याकडे बोरिवलीला आला. तिच्या सासऱ्यांनी कधीतरी एका लिलावात घेतलेला, साडेतीन फूट उंच, दोन्ही बाजूंना बारीक खांब, वर छज्जासारखी पट्टी आणि तिच्या खाली ओळीने लाकडी गोळे, आणि आरशाच्या वर वेगळ्या कप्प्यात एक आडवी काच बसवलेली जिच्यावर तळं, पांढरं घर आणि दोन शिडांची होडी रंगवलेली आहे. ही ठेवण इंग्लंड-अमेरिकेत साधारण 1800 ते 1830 च्या काळात फार चालायची, नंतरही तशा नकला होत राहिल्या, त्यामुळे नुसत्या डिझाइनवरून वय ठरवू नका. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर चक्कर मारलीत तर असे किंवा याच्या जवळपासचे आरसे अजून दिसतात, आणि बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर पडलेलेही असतात, म्हणून दोन हिवाळे याच्यावर काम करून जे कळलं ते सगळं इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या एका वस्तूत तीन वेगवेगळ्या नाजूक गोष्टी आहेत, सोन्याचा मुलामा, आरशाच्या मागचा धातूचा थर आणि काचेमागचं चित्र, आणि एकाला जे चालतं त्याने दुसरं मरतं. मुलाम्याला पाणी चालत नसेल, चित्राला स्पिरिट चालत नसेल, आरशाला दोन्ही चालत नसेल. त्यामुळे "आख्खा आरसा पुसून घेतो" असं काही नसतंच. मावशीकडे दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी काच पुसायचा निळा स्प्रे थेट काचेवर मारायचं, तो ओघळून खालच्या खाचेत जायचा आणि तिथून काचेच्या मागे चढायचा, आणि बरोबर त्याच कडेला आरशाचा थर आणि चित्राचा रंग दोन्ही गेलेत. वरच्या कडेला काही नाही, खालच्या कडेला दोन बोटं पट्टी गेलेली. वर्षानुवर्षं जपलेल्या वस्तूला प्रेमानेच केलेली ही इजा, म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो, स्प्रे बंद.

काम सुरू करायचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात मुंबईत लाकूड फुगलेलं असतं, सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) दोन दिवसांत सडतो, थर वाळत नाहीत आणि वाळले तरी थंडीत लाकूड आकसलं की तडकतात. जून ते सप्टेंबर फक्त बघायचं, फोटो काढायचे, सामान जमवायचं.

आरसा भिंतीवरून काढताना दोन माणसं हवीत आणि वरच्या नक्षीला धरून उचलायचं नाही, ती नुसती चिकटवलेली असते, खालच्या पट्टीला हात घाला. आडवा ठेवायचा झाला तर गादीवर जुनी चादर, त्यावर तोंड वर करून. पण त्याआधी तो उभाच ठेवून मागून बघा, कारण पाऱ्याचा प्रश्न आहे.

पारा म्हणजे काय ते नीट समजून घ्या कारण हा जिवाचा मामला आहे. जुने आरसे चांदीचे नसायचेच. कथलाचा पातळ पत्रा पसरायचे, त्यावर पारा ओतायचे, वर काच सरकवायची, वजनं ठेवायची आणि मग जास्तीचा पारा निथळायला आरसा बरेच दिवस तिरका ठेवायचे. 1835 साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी चढवायची रासायनिक क्रिया दाखवली, पुढे त्यातून कारखान्यात चांदीचे आरसे व्हायला लागले आणि 1900 च्या आसपास पाऱ्याचे आरसे जवळपास थांबले. आपला कुठला ते ओळखायला पांढरा कागद आरशासमोर धरा, पाऱ्याच्या आरशात तो जरा निळसर करडा दिसतो, चांदीच्या आरशात थोडा पिवळट ऊबदार. मागून बघितलं तर चांदीच्या आरशाला रंगाचं अस्तर असतं, लाल तपकिरी किंवा काळपट, आणि पाऱ्याच्याला सहसा काहीच नसतं, नुसता करडा धातू. पाऱ्याचे डाग पण वेगळे असतात, बारीक चमचमणारे कण किंवा ढगाळ पट्टे, आणि चांदी मात्र कडेने काळी तपकिरी पडत जाते.

पाऱ्याचा निघाला तर घाबरून फेकू नका, भिंतीवर शांत लटकलेला आरसा आणि उघडून हाताळलेला आरसा यात फरक आहे. पण त्या थरातला पातळ भाग वर्षानुवर्षं खाली सरकत राहतो आणि खालच्या कडेला, फ्रेमच्या खाचेत, कधीकधी चक्क थेंब साठलेले असतात. म्हणून उलटा करायचा नाही, आपटायचा नाही. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा कारण पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, आणि तोच पारा फ्रेमच्या मुलाम्यावर गेला तर तिथलाही मुलामा खराब होतो. नायट्राइलचे हातमोजे, खिडक्या उघड्या, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको, आणि खाली कड असलेला ट्रे ठेवा. थेंब दिसले तर ड्रॉपरने किंवा चिकटपट्टीने उचलून घट्ट झाकणाच्या बाटलीत घाला, झाडू मारायचा नाही आणि व्हॅक्युम क्लीनर तर बिलकुल नाही, त्याने वाफ होऊन घरभर पसरते. बाटली बेसिनमध्ये किंवा कचऱ्यात नाही, घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची. थेंब बरेच असतील तर तिथेच थांबा आणि कॉन्झर्वेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जपून दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवा. आणि काही झालं तरी जुनी काच काढून काचवाल्याकडून नवीन झगझगीत आरसा बसवू नका, त्या जुन्या काचेतला किंचित हललेला, धुकट चेहरा हाच या वस्तूचा जीव आहे. डागांची एवढीच खंत असेल तर जुनी काच नीट गुंडाळून, लेबल लावून, उभीच जपून ठेवा आणि मग दुसरी लावा.

आता फ्रेम. मुलामा दोन प्रकारचा. एक पाण्याचा, म्हणजे लाकडावर खडू आणि सरस यांच्या मिश्रणाचे पांढरे थर (याला गेसो म्हणतात), त्यावर लाल किंवा पिवळट बारीक मातीचा लेप, तो पाण्याने ओला करून त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग अकीकाच्या दगडाने घासून चकाकी. दुसरा तेलाचा, म्हणजे चिकट तेलाच्या थरावर वर्ख, त्याला घासता येत नाही म्हणून तो मऊ, मॅट दिसतो. बहुतेक जुन्या फ्रेमवर दोन्ही असतात, उठावाचे भाग चकचकीत पाण्याचे आणि खोलगट भाग तेलाचे. हे कळणं का महत्त्वाचं, तर पाण्याचा मुलामा ओल्या फडक्याने अक्षरशः पुसला जातो आणि खालची लाल माती उघडी पडते, आणि तेलाचा मुलामा थोडं पाणी सहन करतो पण थिनर-स्पिरिटने सुटतो. मटन स्ट्रीटच्या एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्या चाचांना मी फोटो दाखवले तर त्यांनी बाकी काही विचारलं नाही, पहिलं वाक्य, "इसको पानी मत लगाना." बरोबर होतं ते.

टेस्ट अशी करायची. खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून (बाजारातले इअरबड घट्ट असतात, ते नको) नुसता दमट करून तांदळाएवढ्या जागेवर फिरवा, घासायचं नाही, फिरवायचा. कापूस बघा. करडा झाला म्हणजे धूळ, पिवळा चमकदार किंवा लाल झाला म्हणजे थांबा, तो पाण्याचा मुलामा. मग दुसऱ्या जागी मिनरल टर्पेंटाइनने तेच करा. प्रत्येक भागाची वेगळी टेस्ट, खांबाची वेगळी, गोळ्यांची वेगळी, वरच्या पट्टीची वेगळी, कंटाळा आला तरी करा. लाळ लावलेला कापूस हा प्रकार ऐकायला विचित्र वाटेल पण म्युझियममधले लोकही वापरतात, लाळेतल्या एन्झाइममुळे मळ सुटतो, मात्र तीही शेवटी पाणीच आहे त्यामुळे फक्त तेलाच्या मुलाम्यावर आणि लगेच दमट कापसाने टिपून घ्यायची.

ओलं काही करण्याआधी कोरडी धूळ काढायची असते हे लोक विसरतात. मऊ ब्रश, बकरीच्या केसांचा मिळाला तर उत्तम, एका हाताने धूळ उडवायची आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युमचा पाइप तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून चार बोटं लांब धरायचा, म्हणजे सुटलेला पापुद्रा आत न जाता कापडावर अडकतो. (खालच्या खाचेत पाऱ्याचे थेंब असतील तर हा व्हॅक्युम नाही, नुसता ब्रश.) पडलेला प्रत्येक तुकडा डबीत, डबीवर कुठून पडला ते लिहून. माझ्याकडे औषधाच्या अकरा डब्या झाल्या होत्या आणि शेवटी त्यातले बरेच तुकडे परत जागेवर बसले.

सोन्यावर कुणीतरी आधीच सोनेरी ऑइलपेंट मारलेला असणं हे आपल्याकडे फार कॉमन आहे. तो रंग म्हणजे पितळेची पूड, त्यातल्या तांब्यामुळे काही वर्षांत हिरवट तपकिरी पडतो. खरं सोनं काळं पडत नाही, ते फक्त मळतं किंवा झिजून लाल माती दाखवतं. मावशीच्या आरशाच्या उजव्या खांबावर असा रंग होता, खाली खरा मुलामा सापडेल असं वाटून मी एसीटोनच्या कापसाने रोज पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा साफ केली, खिडकीत बसून, मास्क लावून, आणि दीड महिन्यात खांब मोकळा झाला. हे फक्त टेस्ट करून, कारण खालचा मुलामा तेलाचा निघाला तर एसीटोनने तोही जाईल. आणि जुने रंगाचे थर सँडपेपरने कोरडे घासायचे नाहीत, त्यात शिसं असू शकतं.

जिथे पोपडे उचललेत पण पडले नाहीत तिथे सरस. सुतारकामाच्या दुकानात दाणेदार मिळतो, लोहार चाळीच्या बाजूला सहज. रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवायचा, उकळू द्यायचा नाही, 60 अंशांच्या वर गेला की त्याची ताकदच जाते. चिकटवायला एका भाग सरसाला वीस भाग पाणी इतका पातळ. आधी पोपड्याच्या फटीत थोडं स्पिरिट-पाणी सोडा म्हणजे सरस आत ओढला जातो, मग बारीक ब्रशने सरस, वर बटरपेपर, आणि बोटाने हलकं दाबून धरा. वर आलेला सरस लगेच टिपा. पांढरा सुताराचा गोंद वापरू नका, तो एकदा वाळला की सहज परत सुटत नाही आणि पुढे कुणाला दुरुस्त करायचं झालं तर तो काढताना मूळचा थर घेऊनच निघतो. सरस शंभर वर्षांनी पण कोमट पाण्याने सुटतो, त्यातच त्याचं मोठेपण आहे.

पडलेल्या जागा भरायला गेसो घरी होतो. एक भाग सरस दहा भाग पाणी, कोमट असताना त्यात बारीक चाळलेली खडूची पावडर हळूहळू भुरभुरवायची, ढवळायचं नाही नाहीतर बुडबुडे येतात आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. दाट मलईसारखं झालं की पातळ पातळ थर, सहा ते आठ, प्रत्येक वाळल्यावरच पुढचा. जाड एकच थर दिला तर नक्की तडकणार. मूळ सोन्यावर गेसो पसरू द्यायचा नाही, फक्त खड्ड्यात.

माझ्या आरशाचे दोन गोळे आणि पानाच्या नक्षीचा एक तुकडा गायब होता. गोळे लाकडाचेच, लेथवाल्याकडून करून घेतले. नक्षीसाठी दुसऱ्या बाजूच्या तशाच पानाचा साचा घ्यायचा, सिलिकॉनच्या पुटीने, आधी टेस्ट करून आणि मधे क्लिंग फिल्मचा पातळ पदर ठेवून म्हणजे पुटी मुलाम्याला चिकटत नाही, बारीक रेघा थोड्या बोथट येतात त्या नंतर कोरता येतात. मूळची नक्षी बऱ्याचदा कोरलेली नसतेच, खडू, सरस, राळ आणि जवसाचं तेल यांच्या कणकेसारख्या लगद्याची साच्यातून काढलेली असते. आपण प्लास्टर ऑफ पॅरिसने काढली तरी चालते. साचा आणि ओतकाम शिकायचं असेल तर लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यात हंगाम नसताना, दिवाळीनंतर, कुणा मूर्तिकारांना विनंती करून बघा, बुडबुडा न येऊ देता प्लास्टर कसं ओतायचं हे मला तिथल्या एका दादांनी दहा मिनिटांत दाखवलं.

वर्ख लावायचा दिवस वेगळा ठेवा. पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद, दारावर चिठ्ठी. वर्ख साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा जाड असतो, उच्छ्वासाने पण चुरगळतो. 22 किंवा 23 कॅरेटचा, 25 पानांची वही मिळते ती घ्या, मिठाईचा वर्ख नको, आणि "गोल्ड लीफ" म्हणून स्वस्तात मिळणारं बहुतेक पितळ असतं ते तर मुंबईच्या हवेत लवकरच काळवंडतं. रुंद चपटा ब्रश गालावरून एकदा फिरवायचा, त्वचेचा जो अगदी थोडा तेलकटपणा लागतो तेवढ्याने वर्ख उचलला जातो. नवशिक्याने छोट्या जागांना तेलाचाच मुलामा करावा, गेसोवर आधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात, मग गोल्ड साइजचा, म्हणजे वर्ख धरणाऱ्या चिकट तेलाचा, अतिशय पातळ थर, आणि बोटाचं पेर टेकवल्यावर चिकटतंय पण ओलं लागत नाही अशी वेळ आली की वर्ख. मी पाण्याचा मुलामा करायला सहा महिने सरावाच्या लाकडी पट्ट्यांवर घालवले, खंबातचा अकीक मागवला, आणि तरी फक्त त्या दोन गोळ्यांवर केला. नवीन सोनं जुन्याशेजारी ओरडतं, त्याला कापसाने हलकं घासून कुठे कुठे लाल माती दिसू द्यायची आणि वरून वॉटरकलरचा पातळ मातकट हात. नखाएवढ्या जागेला तर वर्खही नको, अभ्रकाच्या पावडरीचा सोनेरी वॉटरकलर बस होतो, त्यात तांबं नसल्याने तो हिरवा पडत नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते, चित्राची काच.

हे चित्र काचेच्या मागून रंगवलेलं असतं आणि आपण पुढून बघतो. त्यामुळे सगळा क्रम उलटा, कागदावर जे शेवटी काढतो ते इथे पहिलं, म्हणजे होडीच्या दोऱ्या, खिडक्यांच्या रेघा आधी, मग शिडं आणि भिंती, आणि आकाश सगळ्यात शेवटी. पश्चिम भारतात ही कला 18व्या शतकाच्या शेवटी चीनच्या व्यापाराबरोबर आली, तंजावरलाही काचेवरच्या चित्रांची मोठी परंपरा झाली, त्यामुळे जुन्या घरांतले काचेवरचे देव तुम्ही बघितले असतील, तंत्र तेच. चित्राच्या भोवती जी काळी-सोनेरी पट्टी असते ती जिलेटिनने काचेला चिकटवलेला सोन्याचा वर्ख, त्यात सुईने नक्षी खरवडून मागे काळा रंग. फ्रेंच लोक याला व्हेअर एग्लोमिझे म्हणतात, झाँ-बाप्तिस्त ग्लोमी या 1786 साली वारलेल्या फ्रेमवाल्या-सजावटकाराच्या नावावरून, जरी ही कला त्याच्या खूप आधीची आहे.

काच गुळगुळीत, तिला रंग धरवत नाही, आणि जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणून दमट भिंतीवरचा आरसा असला की रंग मागून पापुद्र्यासारखा सुटतो. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने तिरपा धरा, पुढून. जिथे रंग काचेपासून सुटलाय तिथे फिकट, चंदेरी ठिपके दिसतात. ते दिसले तर काच फ्रेममधून काढायचीच नाही, आणि मागच्या बाजूला ब्रश, कापड, फुंकर, काही म्हणजे काही नाही. सुटलेला रंग परत चिकटवणं हे कॉन्झर्वेटरचं काम आहे, काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्वेशन सेंटर आहे, तिथे आधी विचारा.

रंग घट्ट असेल तर मागची फळी काढा. चुका (बारीक खिळे) गंजलेल्या असतात, ओढायच्या नाहीत, पातळ पट्टी घालून एकेक वर करायची आणि फळी सुटायच्या आधी चारी बाजूंचे फोटो. पुढची बाजू दमट कापसाने, काठापासून बोटभर आत राहून, लगेच कोरड्याने.

आणि गेलेला रंग? मूळ काचेवर रंग लावू नका. मी आधी ॲक्रिलिक घेऊन बसलोच होतो, बरं झालं थांबलो, कारण काचेवर नवा रंग जुन्याच्या कडेवर चढतो आणि पुढून त्याची रेघ कायमची दिसते. त्याऐवजी चांगल्या ॲसिड-फ्री कागदावर गेलेल्या जागेचा रंग वॉटरकलरने काढायचा आणि तो कागद काचेच्या मागे, रंगाला न टेकता, अगदी जवळ ठेवायचा. पुढून बघितलं की भोकातून तो रंग दिसतो आणि डोळा फसतो. मापासाठी काचेचा सरळ समोरून फोटो काढून खऱ्या आकारात प्रिंट घ्या, काचेमागे धरून बघा, दुरुस्त करा, परत धरा. माझ्या तळ्याच्या निळ्याला सात कागद लागले कारण जुना निळा खरं तर हिरवट करडा होता. आवडलं नाही तर कागद बदलला, काचेला काही झालं नाही, मावशीने बघितलं तेव्हा होडीच्या खाली पाणी परत आलंय एवढंच तिला दिसलं आणि ती बराच वेळ तिथेच उभी राहिली.

परत बसवताना काच आणि फळी यांच्यात कडेने पातळ पट्ट्या, म्हणजे फळी रंगाला टेकत नाही. जुनी फळी तीच ठेवा, तिच्यावर कधीकधी दुकानाचं लेबल असतं, फक्त आतून ॲसिड-फ्री कागदाचं अस्तर लावा. लाकडात भोकं असतील आणि त्याखाली ताजा फिकट भुसा पडत असेल तर किडा जिवंत आहे, आधी त्याची ट्रीटमेंट, तीही इंजेक्शनने भोकात, फवारणी नाही. मागून टेप लावून हवाबंद करू नका, आपल्याकडे आतली ओल बाहेर पडली पाहिजे.

लटकवायला बाहेरची भिंत नको, पावसात तीच ओली होते. आतली भिंत, बाथरूमच्या पाठची नाही, समोरून ऊन नाही, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून कॉर्कचे जाड तुकडे म्हणजे मागे हवा खेळते. तार गंजते, पितळेची किंवा स्टेनलेसची घ्या, दोन हुक, आणि वजन फ्रेमच्या बाजूच्या पट्ट्यांवर. दर वर्षी दसऱ्याच्या आसपास, पाऊस गेल्यावर, टॉर्च तिरपा धरून पंधरा मिनिटं बघायचं आणि फोनमधल्या मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडून घ्यायचं, नवीन चंदेरी ठिपका दिसला की जागा लिहून ठेवायची.